पहिल्या पावतीचे मामा

“मोजलं का?”

हे दोन शब्द तोंडातून निघायच्या आधीच मामांचा उजवा हात खाकी शर्टाच्या खिशात गेलेला असायचा. खिशातून पोलादी टेप बाहेर यायचा, खर्र करून हातभर लांबायचा आणि समोरचा माणूस बोलता बोलता गप्प व्हायचा. तुम्ही म्हणाल, टेपला काय घाबरायचं? पण तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच. त्याच्यासमोर आपण ‘लई’, ‘भरपूर’, ‘अजिबात नाही’ असले शब्द वापरायला कचरतो, कारण तो पुढचा प्रश्न काय विचारणार हे आपल्याला ठाऊक असतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती बदली होऊन शाळेत रुजू झाले त्याच दिवशी. मी भोरची. विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला डावीकडे फाटा फुटतो, तिथून आत डोंगराच्या पायथ्याला ही दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. दोन एसट्या बदलून, वर फाट्यापासून चालत मी पोचले तेव्हा आधीच डोकं तापलेलं. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाले, “अगं बाई, काय हा एवढासा वर्ग! इथं पोरं बसवायची की कोंबड्या?”

बाहेर नळाचा व्हॉल्व्ह फिरवत एक माणूस बसला होता. टोपी, खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल. तो म्हणाला, “मोजला का?”

“काय?”

“वर्ग. मोजला का? न्हाई ना? मग कोंबड्यांचं नाव कशापायी घेता?”

आणि हा बाबा चिखलाच्या पायांनी आत आला, टेप लावला आणि म्हणाला, “अठरा बाय वीस. ल्हान न्हाई, बाई. त्ये कपाट मधोमध कुणी ठिवलंय त्ये बघा.”

कपाट ढकललं. वर्ग चांगला ऐसपैस निघाला. मला इतका राग आला होता की मी त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. तेच जाताना म्हणाले, “पाणी चार वाजता सोडतो. भरून ठिवा.”

हे ग्रामपंचायतीचे शिपाई. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मग मीही मामाच म्हणू लागले. पाणी सोडायचं, दवंडी द्यायची, ऑफिस झाडायचं आणि उरलेल्या वेळात घरपट्टी गोळा करायची, ही त्यांची कामं. यातलं शेवटचं काम असं की ज्याला ते करावं लागतं त्याला गावात कुणी बसा म्हणत नाही. मामांची टोपी आळीच्या तोंडाशी दिसली की दारं लागायची. म्हाताऱ्यांना एकाएकी ऐकू येईनासं व्हायचं.

कोंडीबा नावाचा एक गडी तर मामांना बघून कणगीत जाऊन बसला होता. धान्य साठवायची ती उंच, वेताची कणगी. बायकोने वरून झाकण ठेवलं. मामा आत आले, बायकोला म्हणाले, “मालक?” ती म्हणाली, “सारोळ्याला गेल्यात.” मामांनी कणगीकडे बघितलं. “औंदा कणगी भरल्याली दिसतीय.” मग त्यांनी खिशातून टेप काढला आणि कणगीचा घेर मोजायला घेतला. मोजला, वहीत लिहिला, मग उंची मोजली, तीही लिहिली. बायकोला चहा टाकावा लागला. मामांनी चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून, सावकाश प्यायला. आतून शिंक आली.

“तांदूळ शिंकला,” मामा म्हणाले आणि पावतीपुस्तक उघडलं.

ही गोष्ट मला स्वतः कोंडीबाने सांगितली, हसत हसत. मामांवर गाव चिडायचं, पण त्यांच्यावर डूख धरणारा माणूस मला भेटला नाही. कारण होतं. दरवर्षी एक एप्रिलला नवीन पावतीपुस्तक उघडलं की पहिली पावती मामांच्या घराची. सरपंचांची नाही, ग्रामसेवकाची नाही. मामा खिशातून स्वतःची घरपट्टी काढायचे, टेबलावर ठेवायचे, मगच टोपी चढवून बाहेर पडायचे. “आदी माझी, मग तुमची,” एवढंच म्हणायचे.

आणखी एक रीत होती त्यांची. दर चार वर्षांनी गावातल्या घरांची मोजणी व्हायची, तेव्हा ते सगळ्यांची घरं मोजायचे. स्वतःचं मात्र कधीच नाही. “आपल्या घराला आपला टेप लांब हुतो,” म्हणायचे. म्हणजे आखडतो, असं त्यांना म्हणायचं असावं. पण त्यांच्या बाबतीत खरंच लांब झाला असता, माप इंचभर जास्तच लिहिलं असतं. मग त्यांचं घर कोण मोजायचं? चौथीची पोरं. मी रुजू झाले त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. मी गणिताचा तास तिथेच घेतला. पोरं टेपची दोन्ही टोकं धरून धावत होती, मामा अंगणात दगडावर बसून परक्या माणसासारखे बघत होते, आणि मामी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटत होत्या.

त्यांना एकच मुलगा. तो पुण्यात, धायरीला. त्याची मुलगी इंग्रजी शाळेत. त्यामुळे मामा-मामींच्या घरात त्या पाच-दहा पोरांचा तो तासभराचा गोंगाट हाच काय तो गोंगाट.

आता शाळेचं सांगते. मी आले तेव्हा पट सव्वीस होता. मग गावात एक पिवळी व्हॅन यायला लागली. हायवेकडच्या कुठल्याशा इंग्रजी शाळेची. एकाचं पोर टाय लावून गेलं, मग शेजाऱ्याच्या पोराला टाय हवाच. बघता बघता पट बारावर आला. मी रोज सकाळी त्या व्हॅनकडे बघून मनातल्या मनात शिव्या मोजायचे. एकदा मामांच्या समोर तोंडानेच सुरू झाले. “काय लोक आहेत! फुकटची चांगली शाळा सोडून पैसे भरून टाय विकत घेतात! अक्कल म्हणून नाही!”

मामांचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, “मामा, टेप काढू नका हां. अक्कल मोजता येत नाही.”

ते म्हणाले, “अक्कल न्हाई. बाई, तुमी म्हनता चांगली शाळा. तुमच्या तिसरीच्या पोरांना वाचाया किती येतंय, मोजलं का?”

मी काहीतरी फणकारले. पण दुसऱ्या दिवशी एकेकाला पुढे बोलावून धडा वाचायला लावला. तिसरीतल्या चार पोरांपैकी दोघांना परिच्छेद वाचता येईना. एक पोरगी पुस्तक पाठ करून बोटं फिरवत होती. मी पान उलटलं तरी ती मागचंच म्हणत राहिली. मला अक्षरशः लाज वाटली. टायवाल्यांना नावं ठेवण्यात माझी दोन वर्षं गेली होती. त्या दिवसापासून मी आणि माझ्या जोडीच्या सरांनी सकाळचा पहिला तास फक्त वाचनाला दिला, आणि कुणाला किती येतं हे दर शनिवारी भिंतीवरच्या कागदावर लिहायला लागलो. मामा येता-जाता तो कागद बघायचे. काही बोलायचे नाहीत. ईदला मी शीरखुर्म्याचा डबा दिला तेव्हा मात्र झाकण उघडून म्हणाले, “मागल्या साली ह्या डब्यात दोन बोटं कमी हुता. औंदा बाई खूश दिसतात.”

खूश कसली! त्याच पंधरवड्यात आमचे केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब. चहा घेता घेता म्हणाले, “बाई, पुढच्या वर्षी वीस मुलं नसली तर तुमची शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत जाणार.” पलीकडचं गाव म्हणजे मधे खिंड. पावसाळ्यात त्या वाटेने मोठी माणसं जात नाहीत. माझी पहिलीची पोरं कशी जाणार? व्हॅनचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्याच पोरांची शाळा सुटणार, हे सरळ दिसत होतं.

मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, छप्पर गळतं, बालवाडीला बाई नाही, पुस्तकं ठेवायला कपाट एकच. शाळा नीट करा, पोरं परत येतील. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, “पैसे कुठून आणू? उलट वरून सांगितलंय, नवीन आकारणी करा. घरपट्टी वाढवावी लागेल.”

मग काय विचारता! जो तो उठून उभा. “घरपट्टी वाढवा, आन पोरं जात्यात इंग्लिशला! आमी कशापायी भरायची?” कोण म्हणे, “आमच्या मातीच्या भिंतीला आन वरच्या बंगल्याला एकच भाव लावनार का?” तेवढ्यात मागून आवाज आला.

“मोजलं का?”

शिपायाने ग्रामसभेत सतरंजी घालायची, पाणी द्यायचं, बोलायचं नसतं. मामा सतरंजीच्या कडेला उभे होते, हातात जुनी वही. सरपंचताई म्हणाल्या, “काय मोजायचं, मामा?”

“वरचे बंगले. म्या मोजलं न्हाईत. चूक माझी हाय, म्हनून सांगतो.”

डोंगराच्या उतारावर, धरणाचं पाणी दिसेल अशा जागी पुण्या-मुंबईच्या लोकांचे चार बंगले झाले होते. मामांनी वही उघडली आणि दवंडीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “पयलं. गोठा एक. गाय एक, ढवळी, डावं शिंग वाकडं.” पान उलटलं. “दुसरं. गोठा एक. गाय एक, ढवळी, डावं शिंग वाकडं.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. “तिसरं. गोठा एक. गाय एक, ढवळी—”

“डावं शिंग वाकडं!” सगळी सभाच ओरडली.

चौथ्याला तर बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि सगळ्यांच्या माना कोंडीबाकडे वळल्या होत्या. कारण डावं शिंग वाकडं असलेली ढवळी गाय गावात एकाच्याच दावणीला होती.

कोंडीबा उभा राहिला. “आता काय सांगू? मागल्या मोजनीच्या वक्ताला त्या सायेबांचा माणूस आला. म्हनला, एक दिस गाय द्या, दोनशे देतो. म्या म्हनलं, घेऊन जा. मग दुसऱ्या दिशी दुसऱ्याचा आला.”

तेव्हा बंगल्यांच्या नुसत्या भिंती आणि पत्रे उभे होते. आत गाय बांधलेली. मामांनी डोळ्यांनी बघितली, गोठा लिहिला. गोठ्याला घरपट्टी जवळजवळ नाहीच. पुढे तिथे दोन मजले चढले, गच्ची झाली, पण वहीत तो गोठाच राहिला.

“मामा,” भाऊसाहेबांनी विचारलं, “चार ठिकाणी तीच गाय, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

मामांनी टोपी काढली. “मला वाटलं, बहिनी-बहिनी असतील.”

हसणं थांबायला बराच वेळ लागला. मामा मात्र हसत नव्हते. आयुष्यभर मोजून लिहिणारा माणूस एकदाच न मोजता लिहून बसला होता, आणि ते आज सगळ्या गावासमोर स्वतःच सांगत होता.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. “बंगल्याचं खरं माप लिवा. तेवढ्यात शाळंचं छप्पर हुईल, बालवाडीची बाई हुईल. आन ज्या घरातलं पोर आपल्या शाळंत यील, त्या घराची घरपट्टी माफ करा. व्हॅनचं पैसं वाचलं, घरपट्टी वाचली, पोरगं घराजवळ ऱ्हायलं.”

एक म्हातारबा म्हणाले, “ज्याच्या घरात पोरच न्हाई, त्यानं काय करावं?”

“भरावी,” मामा म्हणाले. “म्या भरतोच की.”

भाऊसाहेब नियमात बसतं का बघतो म्हणत कागद चाळत राहिले, तालुक्याला दोन चकरा मारून आले, आणि ठराव झाला.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी माझ्या चौथीला मोठा टेप दिला आणि आमची वरात बंगल्यावर निघाली. पहिल्याच बंगल्याचे साहेब बर्म्युडा घालून बाहेर आले. “काय चाललंय?”

“गोठा मोजतोय, सायेब,” मामा अदबीने म्हणाले.

पोरांनी दिवाणखाना मोजला, वरचा मजला मोजला आणि मागच्या बाजूला निळ्या फरशीच्या तलावापाशी येऊन थबकली. माझी एक पोरगी मोठ्या कुतूहलाने म्हणाली, “सायेब, गाय ह्यात पोहती का?”

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी पोरांकडे बघितलं, मग मामांच्या वहीकडे, आणि एकदम खो-खो हसत सुटले. विचारलं, “हे पैसे जाणार कुठं?” मामांनी खाली दिसणाऱ्या आमच्या शाळेच्या फुटक्या कौलांकडे बोट केलं. हे साहेब गुमान भरायला लागले. चौथ्या बंगल्याचे वकिलाची भाषा बोलत राहिले. मामा त्यांच्या फाटकाशी रोज एक तास जाऊन बसायचे, टेप उघडायचे, मिटायचे. अकराव्या दिवशी त्यांनीही भरले.

छप्पर झालं. बालवाडीला गावातलीच शिकलेली सून मिळाली. दुसरं कपाट आलं. या वेळी मी ते मधोमध ठेवलं नाही. आणि पोरं यायला लागली. काय काय आली! एकाने दीड वर्षाचं लंगोटातलं बाळ आणलं. एकाने सारोळ्याचा भाचा नावापुरता आणला, मामा त्याच्या घरी जाऊन म्हणाले, “पोरगं हितं ऱ्हातं ना? मग त्याच्या चपला दाखवा.” चपला सारोळ्यातच होत्या. नाव कटलं. “माफी पायजे तर खरं पोर पायजे,” मामा म्हणाले.

पण खरंच आली ती पोरं टिकली, कारण आता वाचनाचा कागद सगळे पालक बघायला लागले होते. पोराला व्हॅनने पाठवणारा एक बाप आपल्या पोराला आमच्या पोरासमोर उभं करून दोघांनाही वाचायला लावून गेला. दुसऱ्या दिवशी टाय काढून पोरगं आमच्याकडे हजर.

एवढं सगळं करून आकडा अडला एकोणीसवर.

पट कळवायला चार दिवस उरले होते. मी घरोघर फिरले. घसा बसला. मामा मला शाळेच्या पायरीवर बसलेले दिसले, हातात मोबाईल. मुलाला फोन लावला होता. स्पीकरवर होता, कारण त्यांना त्याशिवाय ऐकू येत नसे. “एक वरीस पाठीव नातीला,” ते म्हणत होते. “आमी बगतो तिला. म्हातारी हाय की.”

पलीकडून मुलगा म्हणाला, “बाबा, तुमच्या शाळेसाठी माझ्या मुलीचं वाटोळं करू का?”

मामांनी फोन खिशात ठेवला. टेपच्याच खिशात. मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांच्या मुलाचा संतापही येत होता आणि तो फार चुकीचं बोलला असंही म्हणवत नव्हतं. आमच्या शाळेबद्दल मीसुद्धा दोन वर्षं तेवढीच आंधळी होते.

मग मामाच म्हणाले, “बाई, गावातली पोरं मोजली. वाडीवरची मोजली का?”

धरणाच्या काठाला कातकऱ्यांची सहा घरं होती. दिवाळीनंतर मोठी माणसं वीटभट्टीवर जायची, पोरं सोबत जायची, म्हणून त्यांची नावं पटावर टिकत नसत. मी कधी गेलेच नव्हते. मामा आणि मामी दोघेही दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे गेले, मी मागोमाग. मंजी नावाची आठ वर्षांची पोरगी दारात बसून चिंचोके मोजत होती. मामा तिच्यापुढे उकिडवे बसले.

“किती?”

“सत्तर.”

“मोजलं का?”

“मग आता काय करतीय?” पोरगी म्हणाली.

मामांनी टोपी मागे सरकवली.

तिच्या आईशी मामीच बोलल्या. पोर दिवाळीनंतर आमच्या घरी राहील, शाळेत जाईल. तुम्ही भट्टीवरून आलात की तुमच्या घरी. आईने मंजीला जवळ ओढलं. मग म्हणाली, “ठिवते. पन माझी ल्येक हाय ही. तुमी ईसरू नगा, तिलाबी ईसरू दिऊ नगा.” मामींनी मान हलवली.

विसावं नाव मी पटावर लिहिलं. घाईत ‘मंजी’चा अनुस्वार रेषेच्या बाहेर गेला. आमची शाळा राहिली.

गाव ते गावच. कुणीतरी म्हणालंच, “मामानं डाव साधला. आता त्याचीबी घरपट्टी माफ!” मामांनी ऐकलं. एक एप्रिलला नवीन पुस्तक उघडलं, तेव्हा त्यांनी नेहमीसारखे पैसे टेबलावर ठेवले. भाऊसाहेब म्हणाले, “मामा, तुमच्या घराला माफी आहे.” मामा म्हणाले, “माफी ऱ्हाऊ द्या. पावती फाडा. शाळंला खडू आना.” मंजी शेजारी उभी राहून बघत होती.

दिवाळीनंतर मामांकडे राहायला आली तेव्हा सुरुवातीला ती रोज मधल्या सुट्टीत वाडीवर पळायची. रिकामं घर बघून परत यायची. मामा लांबून तिच्या मागे जायचे, हाक मारायचे नाहीत. एकदा परतताना ती थांबून त्यांना म्हणाली, “बाबा, हितनं घरापत्तूर नऊशे चाळीस पावलं हायती.” मामा म्हणाले, “माझी सातशे.” दोघांचं भांडण झालं, मग दोघांनी पुन्हा मोजली. दोघांचंही बरोबर होतं. मी त्यावर एक तास घेतला.

पोरगी चौथी झाली, पाचवीला विंझरच्या हायस्कूलला गेली. मग मामांनी पडवीला एक खोली काढली. विटांची, खिडकीची, आत एक टेबल. “मोठी झाली, तिला अब्यासाला जागा पायजे,” मामी सांगायच्या. मामांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. खोलीला गिलावा झाला त्याच आठवड्यात मुलगा येऊन त्यांना इलाजाला धायरीला घेऊन गेला. मंजीची आई त्या वर्षी भट्टीवर गेलीच नाही. ती मामींच्या सोबतीला राहिली.

मी धायरीला भेटायला गेले. मामा पलंगावर होते. नात शेजारी बसून त्यांना मोठ्याने मराठी गोष्ट वाचून दाखवत होती, अडखळत, पण वाचत होती. मला बघून मामा डोळे मिचकावत म्हणाले, “बाई, ह्या फ्लॅटच्या कागदावर सहाशे फूट लिवलंय. पोरीकडनं मोजून घेतलं. चारशे तीसच भरलं. बिल्डरनं गाय बांधली व्हती वाटतं.” आम्ही दोघंही इतके हसलो की सून पाणी घेऊन धावत आली. निघताना त्यांनी उशीखालून टेप काढून माझ्या हातात दिला. “मंजीला द्या. माझ्या घराची मोजनी ऱ्हायलीय.”

होळीच्या आधी मामा गेले.

एक एप्रिलला मी मुद्दाम शाळेआधी ग्रामपंचायतीत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. ऑफिसात नवीन आलेला कारकून नवं पावतीपुस्तक उघडत होता. तेवढ्यात हायस्कूलच्या निळ्या गणवेशात मंजी आली. मुठीतल्या नोटा टेबलावर ठेवल्या.

“बाबांच्या घराची. पयली पावती.”

कारकून चांगला होता. म्हणाला, “अगं, एवढी घाई कशाला? आणि मामा आता…”

“मामीनं दिल्यात,” ती म्हणाली. “फाडा.”

त्याने पावती फाडली. मामांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. इतकी वर्षं कधी विचारलंच नव्हतं. मंजी मात्र नाव बघत नव्हती. तिने टेबलावरचं आकारणीचं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि घराच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्यात तीन खण लिवल्यात. पडवीची खोली न्हाई.”

“जुन्यावरून उतरवलंय. राहू दे, कशाला? नोंद केली तर घरपट्टी वाढेल.”

“वाढू द्या,” मंजी म्हणाली. “ती माझी खोली हाय.”

कारकून माझ्याकडे बघू लागला. पोरीने दप्तर उघडलं, टेप काढला आणि हातभर ओढला. खर्र.

“मोजलं का?”

त्याने पेन खिशाला लावलं, चपला घातल्या आणि तिच्या मागे निघाला. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागणारच होतं, म्हणून मीही निघाले.